फोटो ‘सॉफ्ट’ येतोय: हात, फोकस, लेन्स की दिवे, चूक नेमकी कुणाची?

गणपती, दिवाळी, लग्नसराई. या तीन मोसमांत माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते: “फोनवर फोटो झकास दिसतो, मोठा केला की सॉफ्ट, म्हणजे धूसर. लेन्स गेली असेल का?” गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन माझा भाचा घरी आला. त्याचे मित्र पथकात ढोल वाजवतात, म्हणून विसर्जनाच्या संध्याकाळी तो कॅमेरा घेऊन लक्ष्मी रस्त्यावर उभा राहिला होता. साडेचारशे फोटो काढले, त्यातले ठेवण्यासारखे वीस. “मामा, कॅमेऱ्याबरोबर आलेली ही किट लेन्सच भिकार आहे बघ. नवी घ्यावी लागणार.” किंमतसुद्धा त्याने काढून ठेवली होती.

मी त्याला लेन्स घेऊ दिली नाही. निदान त्या दिवशी तरी. ‘फोटो सॉफ्ट आहे’ म्हणणं म्हणजे ‘अंगात ताप आहे’ म्हणण्यासारखं झालं. ताप कशाने आला ते त्यात कुठे असतं? हात हलला, समोरचा माणूस हलला, फोकस भलतीकडे बसला, काच धुरकटली, दिवे लुकलुकले, यातलं काहीही असू शकतं. आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं. हात हलतोय म्हणून कुणी अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडतं, शटर वेगवान होतं, म्हणजे उजेड कमी वेळ आत येतो, हात हललेला दिसत नाही, पण आता फोकसची पट्टी, म्हणजे जेवढ्या खोलीतलं शार्प येतं ती, इतकी अरुंद होते की नाक शार्प आणि कान गायब. मग पुन्हा शिव्या लेन्सलाच.

आधी मूळ फाइल उघडा

व्हॉट्सअपवर आलेला फोटो बघून निदान करायचं नाही. तिथे फोटो लहान होऊन आणि दाबून येतो, बारीक तपशील तिथेच जातो. कित्येक ‘सॉफ्ट’ फोटो कार्डावरच्या मूळ फाइलमध्ये अगदी व्यवस्थित असतात. तेव्हा कार्ड कॉम्प्युटरला लावा, फोटो शंभर टक्के आकारात बघा आणि फाइलच्या माहितीतले चार आकडे कागदावर उतरवा: फोकल लेंग्थ (लेन्स किती झूम केली ते, मिमीत), अपर्चर (एफचा आकडा), शटर (सेकंदाचा कितवा भाग), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवलाय ते). कॅमेऱ्याने प्रत्येक फाइलमध्ये हे आकडे आपणहून लिहून ठेवलेले असतात. डॉक्टरकडे जाताना जुने रिपोर्ट नेतो, तसंच.

मग एकच प्रश्न विचारायचा. या फोटोत कुठे तरी काही तरी शार्प आहे का?

स्थिर गोष्टी शार्प आहेत, हलणारा माणूस तेवढा पुसला गेलाय, तर शटर कमी पडलं. चेहरा पुसट पण त्याच्या मागचा किंवा पुढचा कुणीतरी शार्प, तर फोकस चुकला. काहीच शार्प नाही आणि लांबच्या दिव्याच्या ठिपक्याची एका दिशेने रेघ ओढली गेलीय, तर हात हलला. काहीच शार्प नाही आणि रेघही नाही, सगळीकडे सारखाच दुधाळपणा, तर काच बघायला घ्या. आडवे पट्टे आले असतील तर दिव्यांना धरा. एवढी विभागणी झाली की निम्मं काम झालं. भाच्याच्या साडेचारशे फोटोंची अशी छाननी आम्ही चहाच्या दोन फेऱ्यांत उरकली.

ढोलवाल्याचं टिपरू

एक फोटो अजून डोळ्यासमोर आहे. मधोमध ढोलवाला, मान मागे टाकलेली, टिपरू हवेत. त्याच्या मागे दुकानाचं बंद शटर, त्यावरचा कुलपाचा कोयंडा अगदी सुरेख शार्प. ढोलाची दोरीही वाचता यावी इतकी स्पष्ट. चेहरा मात्र पाण्यातून बघावा तसा, आणि टिपऱ्याच्या जागी नुसता एक पिवळट पंखा. आकडे होते: ५५ मिमी, एफ ५.६, १/६०, आयएसओ १६००.

कोयंडा शार्प आहे म्हणजे हात हलला नाही. ढोलाची दोरी शार्प आहे म्हणजे फोकसही जागेवर आहे. हलला तो माणूस. हिशोब करून बघा. वाजवणाऱ्याचं डोकं तालावर सेकंदाला अर्धा मीटर जरी सरकत असलं, तरी १/६० सेकंदात ते आठ मिलिमीटर सरकतं. पापण्या कुठून दिसणार? टिपऱ्याचं टोक सेकंदाला पाच मीटर वेगाने जातंय असं धरा. १/१२५ ला ते चार सेंटिमीटर सरकतं, १/१००० ला पाच मिलिमीटर. म्हणजे चेहरा आणि टिपरू यांना लागणारं शटरसुद्धा एक नाही.

लेन्समधलं किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन इथे काहीच करत नाही. निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस. नावं काहीही असोत, ते तुमचा हात सावरतं, ढोलवाल्याचा नाही. ‘पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन’ (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ही जाहिरात वाचून लोक लग्नातला नाच १/१५ ला काढायला जातात आणि मग फसवल्यासारखं वाटून घेतात.

हलणाऱ्या माणसाचं हे दुखणं कॅमेऱ्याइतकंच जुनं आहे. १८३८ साली लुई दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं पुसलं गेलं आणि रस्ता ओस पडल्यासारखा आला. उमटला तो फक्त बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला माणूस. भाच्याच्या फोटोतला कोयंडा म्हणजे तोच माणूस.

मग शटर किती ठेवायचं? माझे आकडे सांगतो, पोथी समजू नका. बसून बोलणारा माणूस १/१२५. चालणारा, हळद लावणारा, अक्षता टाकणारा १/२५०. ढोल, लेझीम, संगीतात नाचणारी मंडळी १/५००. उधळलेला गुलाल हवेत थांबवायचा असेल, अंगणात पळणारं पोर पकडायचं असेल तर १/१०००. उडणाऱ्या पक्ष्याला त्याहूनही दुप्पट.

मुद्दाम हलवलेला फोटो ही वेगळी गोष्ट. ध्वज नाचवणारा १/६० ला घेतला, त्याचा चेहरा नशिबाने त्या क्षणी स्थिर असला आणि भगव्या कापडाचा मोठा फराटा उमटला, तर तो फोटो मी १/१००० च्या दहा फोटोंपेक्षा वर ठेवीन. शर्यतीतली बैलगाडी १/६० ला कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत घेतली की बैल बऱ्यापैकी शार्प आणि मागची गर्दी आडव्या रेघांत वाहून गेलेली येते. पण ते ठरवून करायचं. नकळत झालं तर ती चूकच.

उजेड आणायचा कुठून

१/६० वरून १/५०० वर गेलो म्हणजे उजेड जवळपास आठपट घटला, तीन स्टॉप. तो भरून काढायला दोनच जागा आहेत, अपर्चर आणि आयएसओ. (फ्लॅशचं पुढे बोलू.)

अपर्चरच्या आकड्यांनी बरेच जण गोंधळतात, कारण आकडा वाढला की भोक लहान होतं. त्यामागे साधा भागाकार आहे. ५० मिमीच्या लेन्सचं एफ २ म्हणजे ५० भागिले २, २५ मिमी व्यासाचं भोक. एफ ४ म्हणजे साडेबारा मिमी. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून उजेडही पाव. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही शिडी पाठ करून टाका. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा.

आता भाच्याच्या किट लेन्सकडे या. १८-५५ वर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, १८ मिमीला ती ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ ला झूम केली की ५.६ च्या पलीकडे उघडतच नाही. गर्दीत पुढे जाता येत नव्हतं म्हणून त्याने झूम केलं, आणि झूम करताना नकळत निम्म्याहून जास्त उजेड घालवून बसला. ही त्या लेन्सची खराबी नव्हे, तिच्या रिंगवर छापलेली अट आहे. चार पावलं पुढे जाऊन ती २४ किंवा ३५ ला वापरली असती तरी फरक पडला असता.

त्याच ठिकाणी, त्याच उजेडात १/५०० हवं असेल तर एफ ५.६ ला आयएसओ १२८०० लागेल. एफ २.८ ला ३२०० पुरेल. आणि एफ १.८ ची ५० मिमी असेल तर १६०० वरच भागेल, कारण ५.६ पेक्षा १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो.

आयएसओची भीती हा आणखी एक जुना रोग. “आठशेच्या वर गेलो की ग्रेन येतो” असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि लोक ते मंगळसूत्रासारखं गळ्यात घालून फिरतात. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, आजची सॉफ्टवेअर ते काम चांगलं करतात. आणि मुळात अल्बमच्या आकारात दाणे फारसे दिसतही नाहीत. हललेला चेहरा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने खात्रीने परत येत नाही. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओच्या पानावर ‘किमान शटर’ ठरवायची सोय असते. तिथे १/५०० लावा, आयएसओची वरची मर्यादा १२८०० करा आणि अपर्चर आपल्या हातात ठेवा. बाकीची हमाली कॅमेरा करतो. मिरवणुकीत मी स्वतः असंच काढतो. उजेड दर दहा पावलांवर बदलतो, तिथे पूर्ण मॅन्युअलवर काढण्यात मला काही मर्दुमकी वाटत नाही.

हात हलतो तेव्हा

याची खूण म्हणजे दिव्यांच्या माळा. मंडपावरचा प्रत्येक बल्ब एकाच आकाराचं छोटं शेपूट घेऊन आला असेल, सगळी शेपटं एकाच दिशेला, तर हात हलला. बटण दाबताना कॅमेरा खाली ओढला जातो, म्हणून शेपटं बहुतेक वेळा उभी असतात.

जुना नियम सोपा आहे: शटर किमान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’. लहान सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा) बॉडीवर खालचा आकडा दीडपट करायचा, कॅननच्या बाबतीत १.६ पट. म्हणजे ७०-३०० लेन्स ३०० ला खेचलीत तर १/४५० च्या वर, सरळ १/५०० धरा. स्टॅबिलायझेशन चालू असेल आणि समोरचं दृश्य स्थिर असेल तर त्याहून बरंच खाली उतरता येतं. देवळाचा गाभारा, रोषणाई केलेला वाडा, अशा ठिकाणी ते खरं कामाला येतं.

कोपर बरगडीला टेकवा, श्वास सोडता सोडता बटण दाबा, तीन-चार फोटोंची माळ सोडा. मधला एखादा बहुधा शार्प निघतो. ट्रायपॉड असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, काही लेन्स ट्रायपॉडवर उगाच स्वतःच थरथरतात. स्पीकरच्या भिंतीशेजारी ट्रायपॉड लावून “तरीही हलतोय” म्हणणाऱ्यांना मी जमिनीला हात लावून बघायला सांगतो.

नथ शार्प, डोळे गेले

ही तक्रार नवी ५० मिमी १.८ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात येते. लेन्स स्वस्त, उजेड भरपूर, पार्श्वभूमी लोण्यासारखी. आणि दहातले सात फोटो वाया.

मीही यातून गेलोय. एका हळदीत नवरीच्या अगदी जवळ, मीटरभर अंतरावर बसून एफ १.८ ला फोटो घेत होतो. मागच्या स्क्रीनवर सगळं सुंदर. घरी येऊन मोठं केलं तर नथीचा एकेक मोती मोजता येतोय, मोत्यावर खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा आहे, आणि डोळे धूसर. लहान सेन्सरच्या बॉडीवर ५० मिमी, एफ १.८, एक मीटर, या जुळणीत फोकसची पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची असते. नथ आणि डोळा यांत तेवढं अंतर आरामात पडतं. कॅमेऱ्याला चकचकीत, कडा असलेली वस्तू आवडते, त्याने नथ पकडली. त्याच्या जागी तो बरोबरच होता.

इथे शटर वाढवून काही होत नाही. फोकसच्या पट्टीची रुंदी ठरते ती अपर्चर, अंतर आणि फोकल लेंग्थ यांवर, आणि अंतराचा जोर मोठा: अंतर दुप्पट केलं की पट्टी साधारण चौपट होते. मी अर्धा मीटर मागे सरकून एफ २.८ लावलं असतं तरी तीनच्या जागी दहा सेंटिमीटर मिळाले असते. चेहरा बसतो त्यात. पार्श्वभूमी तरीही पुरेशी विरघळते. अंतरपाटामागचे काका ओळखू येणार नाहीत एवढी नक्कीच.

फोकसचा बिंदू कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, डोळा शोधायची सोय असेल तर ती चालू करा, पण नथ, मुंडावळ्या, चष्म्याची फ्रेम मध्ये आली की तीही चकते, म्हणून अधूनमधून मोठं करून बघत राहा. जुन्या, आरशाच्या डीएसएलआरवर एकच बिंदू निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची आपली जुनी सवय एफ ८ ला चालते, एफ १.८ ला महागात पडते. वळवताना सरकलेले दोन सेंटिमीटर तिथे सगळा खेळ बिघडवतात.

माणूस हलता असेल तर सलग फोकस लागतो. निकॉन-सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्व्हो. एकदाच फोकस धरणाऱ्या मोडवर वरात काढत असाल तर फोकस धरला त्या क्षणी घोडा जिथे होता, तिथलाच रस्ता शार्प येणार.

ग्रुप फोटोत उलटं होतं. स्टेजवर तीन रांगा, लेन्स १.८ वरच राहिलेली, पहिल्या रांगेतली करवली शार्प आणि मागचे सगळे मामा धूसर. एवढं मानापमान नाट्य कशाला? ३५ मिमीच्या आसपास या, एफ ५.६ किंवा ८ करा, पहिल्या रांगेपेक्षा किंचित मागे, दुसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यावर फोकस धरा. चार मीटरवरून एफ ५.६ ला तीनेक मीटरची पट्टी मिळते, तीन रांगा आत बसतात. उजेड कमी पडला तर इथे शटर १/१२५ पर्यंत उतरवा, ग्रुप फोटोत कुणी नाचत नसतं. बहुतेक वेळा.

सगळंच दुधाळ

काहीच शार्प नाही, रेघाही नाहीत. आता काचेकडे वळा, पण त्याआधी अपर्चरचा आकडा पुन्हा बघा. एफ २२ तर नाही ना? ‘जास्त एफ म्हणजे जास्त शार्प’ असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. भोक फार लहान झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, आणि एफ २२ ला उजेडाचा एक ठिपका सेन्सरवर तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची चकती होऊन बसतो. एफ ८ ला तीच चकती अकरा मायक्रॉनची असते. लहान सेन्सरच्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत एक पिक्सेल सुमारे चार मायक्रॉनचा असतो, म्हणजे पसरट चकतीत किती पिक्सेल बुडाले बघा. धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं म्हणून शटर लांबवायला लोक एफ २२ लावतात आणि मग खडकही मऊ येतात. तिथे एफ ११ वर थांबा आणि उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा.

पावसाळ्यात एक खास प्रकार होतो. एसी गाडीतून सिंहगडावर किंवा गोव्याच्या एखाद्या किनाऱ्यावर उतरायचं, पिशवीतून कॅमेरा काढायचा, आणि थंड काचेवर क्षणात दव. पुसलं तर पुन्हा येतं, आणि शर्टाने पुसलं तर वर चरेही येतात. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या, मग काढा. घाई असेल तर गाडीचा एसी पोचायच्या आधीच बंद करा.

पुढच्या काचेवर लावलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर रात्री हमखास दगा देतो. दिव्यांच्या जोडीला फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला त्यांची हिरवट भुतं दिसतात, कॉन्ट्रास्ट जातो. फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या, दहा सेकंदांत निकाल लागतो.

आणि बुरशी. कोकणातून आलेली जुनी लेन्स असेल, कपाटात दोन पावसाळे पडून राहिली असेल, तर मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर तीच. थोड्या बुरशीने फोटो धूसर होण्याआधी त्यातला कॉन्ट्रास्ट उतरतो, काळा रंग राखाडी दिसायला लागतो. साफसफाई जाणकाराकडून करून घ्यावी, घरी लेन्स उघडू नये. आणि चांगल्या लेन्स तिच्या शेजारी ठेवू नका. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवायचं. तीन वर्षं तीच पुडी डब्यात ठेवून उपयोग नाही.

पट्टे आले तर

हॉलमध्ये काढलेल्या फोटोंवर आडवे गडद-पिवळट पट्टे, आणि एकाच मालिकेतल्या पाच फोटोंचा उजेड पाच तऱ्हेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० ला पट्टे जातात, कारण दिव्याचं एक पूर्ण आवर्तन त्या वेळात पकडलं जातं. पण नाचणारा माणूस १/१०० ला पुसला जातो, मघाशीच बघितलं. मग कॅमेऱ्याच्या मेन्यूत फ्लिकर कमी करायची सोय शोधा. ती दिवा सर्वात तेजाळ असेल तो क्षण गाठून शटर टाकते. स्टेजवरच्या रंगीत एलईडी पार (झोताचे दिवे) आणि मागच्या एलईडी भिंतीचं लुकलुकणं वेगळ्याच वेगाने चालतं, तिथे शटर एकेक पायरी वर-खाली करून बघावं लागतं.

‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते आधी बंद करा. ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, त्यामुळे पट्टे जास्त येतात आणि वेगात फिरणाऱ्या वस्तू वाकतात. मी एकदा केळ्यासारखं वाकलेलं टिपरू बघून हसलो होतो, पण पथकाच्या पोरांना ते आवडलं नाही.

फ्लॅश लावून फोटोचा एक भाग काळा आला तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या, पुढे गेलंय. बहुतेक बॉडींना तो १/२०० किंवा १/२५० असतो. फ्लॅश छताकडे वळवा, छत पांढरं असेल तर. हिरव्या-गुलाबी पीओपीवरून आलेला उजेड नवरा-नवरीच्या तोंडावर हिरवा-गुलाबीच पडतो.

फोनवर काढणाऱ्यांसाठी थोडक्यात: बहुतेक फोनांचं अपर्चर बदलत नाही, त्यामुळे उजेड कमी झाला की फोन शटर लांबवतो किंवा अनेक फोटो एकावर एक रचतो. हलणारी माणसं त्यात विरघळणारच. दोन्ही हातांनी धरा, नाइट मोड बंद करून बघा, आणि त्याआधी मागच्या काचेवरचं बोटाचं तेल पुसा.

वर्तमानपत्राची चाचणी

एवढं सगळं तपासूनही संशय उरला, तरच लेन्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर. आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक फोटो, ५.६ ला एक, ८ ला एक. फोकस स्क्रीनवर मोठं करून हाताने लावा, मग तेच ऑटोफोकसने पुन्हा.

मध्य शार्प आणि कोपरे मऊ, पण एफ ८ ला कोपरेही सुधारतात: लेन्स निरोगी आहे, लेन्सचा स्वभावच तो. हाताने लावलेला फोकस शार्प आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून धरलेला दर वेळी पुढे किंवा मागे: बॉडी-लेन्सचं जुळत नाहीये, मेन्यूत सूक्ष्म दुरुस्तीची सोय असेल तर तिथे सुधारता येतं. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हे दुखणं तिथे सहसा नाही. पानाची डावी बाजू शार्प आणि उजवी एफ ८ लाही मऊच: आतली एखादी काच तिरकी झालीय, लेन्स कधी पडली होती का ते घरात सगळ्यांना विचारा. आणि एफ ८ ला, हाताने फोकस लावूनही मधलं अक्षर वाचता येत नसेल, तर मात्र दुरुस्तीला न्या.

नेताना ते फोटो कार्डावर घेऊन जा. माझी एक लेन्स एका दुरुस्तीवाल्याने “सेटिंग चुकतंय तुमचं” म्हणून दोनदा परत पाठवली होती. तिसऱ्यांदा मी वर्तमानपत्राचे सहा फोटो काउंटरवर उघडून दाखवले, तेव्हा कुठे त्याने ती आत नेली.

भाच्याची किट लेन्स या परीक्षेत पास झाली. एफ ८ ला पानाच्या कोपऱ्यातली ‘भाड्याने देणे आहे’ ही ओळ फोन नंबरासकट वाचता येत होती. पुढे दिवाळीत त्याने जुन्या बाजारातून ५० मिमी १.८ घेतली, लेन्स खराब म्हणून नाही, टिपऱ्याला १/५०० देण्याइतका उजेड हवा म्हणून. दुकानातच त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाचे तीन फोटो काढले, मोठे करून चतुर्थीची तारीख वाचली आणि मग पैसे दिले.